प्रतवारी

आग्नेलने कॉम्प्युटर काउंटरवर आडवा पाडला,
चार स्क्रू काढले, मूठभर धूळ निघाली
आणि गंजाचा वास. वेंगुर्ल्याचा वारा
कुणालाच सोडत नाही, म्हणाला,
कुलपाला नाही, शिवणयंत्राला नाही.
मग वायर जोडून कान लावायला सांगितला.
टक्. टक्.
बंद दारावर कुणी नखाने वाजवावं तसं.

"एसएसडी घाला, काकी. तेच्यात फिरणारा काय नाय,
आवाज नाय. पण किती व्हयी तां आधी सांगा.
दोनशेछप्पन, पाचशेबारा, का अख्खो टीबी?"

मला आकड्यांची भीती नाही.
बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात
ग्रेडिंगच्या टेबलावर बसले.
एकशेऐंशी, दोनशेचाळीस, तीनशेवीस,
डोळ्यांच्या आधी बोटांना कळायचं.
पण आमच्यात आकडा लहान तितका गर मोठा,
पौंडाला किती बसतात त्यावरून नाव.
इथे उलटं. आकडा वाढतो तशी वाढते ती नुसती जागा,
आणि जागा म्हणजे तरी काय,
ज्याला अजून कुणी हात लावलेला नाही ते.

टीबी घेतलात तर दिसणार नऊशेएकतीस, हेही त्याने सांगितलं.
कंपनी हजाराने मोजते, मशीन हजारचोवीसने.
म्हणजे घ्यायचं माप वेगळं, द्यायचं वेगळं.
मी हसले. हे मला नवीन नव्हतं.

जुनी डिस्क दोन दिवस निघेल म्हणाला, जपून.
घरी येऊन मोजायला बसले.
बिलं, लेबलं, जीएसटीचे कागद: तीन जीबी.
माझा सगळा धंदा पिशवीच्या कोपऱ्यात मावला.
फोटो चौऱ्याहत्तर. त्यात एकच मांजर चार ठिकाणी,
नवीन फोल्डर, नवीन फोल्डर दोन.
हललेले, अंधारातले, अर्धं बोट आलेले
वेगळे काढायला घेतले आणि थांबले.
तुकडाही विकला जातोच की, मिठाईवाला नेतो.
नणंदेच्या लग्नाची कॅसेट उतरवलेली, अकरा.
ती काढू द्यायला हे तयार नाहीत,
तिच्यात ते मिनिटभर जिलबी वाढताना दिसतात.
विंडोज स्वतःच चाळीस खातो, भाडं न देता.

आणि एक फोल्डर, एकशेतीसचा.
यतीनचा गेम.

बेरीज दोनशेअठ्ठावन्न.
तो काढला तर बरोबर निम्म्यावर येते.

मस्कतला फोन लावला.
"काढून टाक गे आये, जुना झाला ता.
हंय खेळूक वेळ खंय आसा?"
मागे कुठलंसं यंत्र चालू होतं,
त्याचाही आवाज टक् टक् वाटला मला.

काढण्याआधी एकदा उघडून पाहिला.
पाच मिनिटं नुसतं गोल गोल फिरत राहिलं.
मग एक धक्का, समुद्र, आपला नव्हे,
आणि पाठमोरा उभा एक माणूस.
खांदे वर होत होते, खाली होत होते.
अडीच वर्षं तो असाच श्वास घेत उभा.
कोपऱ्यात लिहिलेलं: बासष्ट टक्के.
चुकून डब्ल्यूवर बोट पडलं
तर चालायला लागला.
मी घाबरून हात काढला.
कडेला जाऊन थांबला, एक पाऊल पाण्यावर.
मागे कसं घ्यायचं ते मला येईना.

"पाचशेबारा," मी सांगितलं.
आग्नेल म्हणाला, गेम काढलात तर
दोनशेछप्पन पुरला असता, बाराशे वाचले असते.
मग माझ्याकडे बघून विषय बदलला.
"भरून टाकू नकात मात्र.
पाचवो हिस्सो मोकळो ठेवा, तर ती धावता."
ते माहीत आहे मला.
टेबल गच्च भरलं की हात फिरत नाही,
आणि हात फिरला नाही की
तीनशेवीस दोनशेचाळिसात जातं.

डिस्क हातात घेतली, सवयीने वजन केलं.
पन्नास ग्रॅमच्या आतच. पाकिटात घातली तर
गिऱ्हाईक परत आणून देईल.

आता कॉम्प्युटर पटकन उठतो, आवाज करत नाही,
त्यामुळे चालू आहे की नाही ते हात लावून बघते.
गेमही तिथेच आहे.
यतीन पुढच्या सुट्टीत येईल, उघडेल,
आणि विचारील,
ह्याला इथे पाण्यात कुणी आणून उभा केला.